माळाची झाडलोट

कुणीही माणूस भेटला की बाई आधी त्याच्या पायांकडे बघायच्या, चेहऱ्याकडे नंतर. चपला आहेत की बूट, मोजे आहेत का, आणि मुख्य म्हणजे त्या मोज्यांना नाहीतर कपड्यांच्या काठाला काय चिकटलंय. त्यावरून माणूस कुठून आला आणि खरं बोलतोय का, हे त्या ठरवायच्या. एकदा सरपंच सांगत होते की मी सकाळपासून जिंतूरला मीटिंगला होतो. बाईंनी वाकून त्यांच्या पँटचा काठ चिमटीत धरला.

"जिंतूरच्या मीटिंगीत आजकाल शेडा उगवायला का हो, सरपंच?"

शेडा म्हणजे एक गवत. ते त्या पंचक्रोशीत फक्त आमच्या राखलेल्या माळावर होतं. सरपंच त्या दिवशी आपल्या दोन कालवडी घेऊन गुपचूप कुठे गेले होते, हे सगळ्यांना कळलं. सरपंच हसले आणि म्हणाले, "बाई, तुमी पोलिसात पायजे होत्या."

"पोलिसात बूट घालावे लागतात," बाई म्हणाल्या.

बाई आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख होत्या. जिंतूरहून येलदरीकडे जाताना रस्त्याच्या एका अंगाला दगडगोट्यांचा लांबलचक उतार लागतो, तो आमचा माळ. गावातले म्हातारे त्याला अजूनही रमना म्हणतात. निजामाच्या काळात तिथलं गवत घोड्यांसाठी राखलं जायचं म्हणे. पुढे घोडे गेले, निजाम गेला, आणि राखायचं कुणी हेच ठरलं नाही. सगळ्या गावाची गुरं मिळून त्यांनी तो माळ दगडापर्यंत खाऊन टाकला. तिथलं गवत परत आणायचं, हे आमचं काम. पुण्याची एक कंपनी त्याला पैसे द्यायची. कचेरी जिंतूरला पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत होती, त्यामुळे आमच्या प्रत्येक कागदावर बारीक पीठ असायचं. कचेरीत माणसं तीन: बाई, जीप चालवणारे रफिकभाई आणि अहवाल लिहिणारी मी.

मी परभणीत इंग्रजी शाळेत शिकलेली. माणसांत बोलायची मला सवय नव्हती, आणि खेड्यातल्या माणसांत तर अजिबात नव्हती. मुलाखतीला मी चांगली फाईल वगैरे घेऊन गेले होते. बाईंनी फाईल जीपच्या टपावर ठेवली, मला माळावर नेलं आणि म्हणाल्या, "झोप."

मी बघत राहिले.

"अगं, आडवी हो. डोळे मिट. काय ऐकू येतंय ते सांग."

मी आडवी झाले. पाठीला खडे टोचत होते. वारा होता, कुठेतरी टिटवी ओरडत होती. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण माझ्या तोंडून शब्द निघेना. बराच वेळ गेला. शेवटी बाई उठल्या, साडी झटकली आणि रफिकभाईंना म्हणाल्या, "ही घेऊ आपण. आधीचा पोरगा झोपल्या झोपल्या बोलतच होता. तितर उडून गेले."

त्या सेलूला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. सुती साडी गुडघ्याच्या जरा खाली, ती वर राहावी म्हणून दोन्ही बाजूंना कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि पायांत गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे. मे महिन्यातसुद्धा. मोजे त्यांची पिंगळी गावातली बहीण विणायची, उरलेल्या लोकरीतून, म्हणून एक पाय मरून असायचा आणि दुसरा पोपटी. हे मोजे म्हणजे आमचं बियाणं गोळा करायचं यंत्र होतं. बाई दिवसभर माळावर फिरायच्या आणि संध्याकाळी गिरणीच्या जिन्यावर पाय पसरून मोज्यांना चिकटलेली कुसळं एकेक करून काढायच्या. लोणच्याच्या बरण्यांत ती जमा व्हायची. आम्हा दोघांनाही असे मोजे मिळाले होते. रफिकभाई ते फक्त बाई बघत असताना घालायचे.

गवतांची ओळख बाई नात्यांतून करून द्यायच्या. "ही मारवेल. गरीब सून. कापा, तुडवा, परत उगवती, तक्रार न्हाई. हा पवन्या, हा दीर, उंच आन् बिनकामाचा दिसतो, पर गुरं याच्यावर जीव टाकतात. आन् ही कुसळी. ही नणंद. जाता जाता टोचणार म्हंजी टोचणारच." मी वहीत लॅटिन नावं लिहून घ्यायची, पण पुढे माळावर गेल्यावर मला फक्त सून आणि नणंद आठवायची.

झाडांशी मात्र त्यांचं उभं वैर होतं. आमच्याकडे कुठल्याही कार्यक्रमात आता नारळाऐवजी रोप देतात. बाईंच्या हातात रोप आलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, की देणाऱ्याला वाटावं आपण चुकून मेलेला उंदीर दिला. "झाड वाईट नसतं," त्या मला समजावायच्या, "पर पाहुणा आपल्या घरी बरा असतो. माळ हे गवताचं घर हाय." मिळालेली सगळी रोपं त्या वाटेतल्या शाळेच्या फाटकाशी ठेवून पळ काढायच्या. त्या शाळेभोवती आता जंगल झालंय.

अहवालांवरून आमचं दर महिन्याला भांडण व्हायचं. म्हणजे भांडायच्या बाई, मी ऐकायची. त्या सांगायच्या, "लिही, गवत लय माजलंय. बघून जीव खुश झाला." मी इंग्रजीत लिहायची की वनस्पतींच्या आच्छादनात समाधानकारक वाढ दिसून आली आहे. मग त्या मला तेच मराठीत उलटं वाचायला लावायच्या.

"आन् जीव खुश झाला ते कुठाय?"

"बाई, समाधानकारकमध्ये ते आलं."

"न्हाई आलं. समाधान कारकुनाला होतं. जीव खुश होणं येगळं."

शेवटी एका अहवालात मी ते वाक्य तसंच्या तसं घातलं, इंग्रजी अक्षरांत. त्यावर कंपनीकडून उलट टपाली निरोप आला की आमचे साहेब दिवाळीनंतर स्वतः माळ बघायला येत आहेत.

बाई हरखल्या, आणि लगेच घाबरल्या. कारण पुढचा टप्पा मिळणार की नाही, हे त्याच भेटीवर होतं. माळाचा अर्धा भाग आता चांगला झाला होता. पण ओढ्यापलीकडचा उतार अजून उघडाबोडका होता. बाई त्याला टक्कल म्हणायच्या. टकलावर गवत उगवलं की मी सुटले, असं त्या कितीदा तरी म्हणायच्या. पण टक्कल सरपंचांच्या हातात होतं, आणि सरपंचांना तिथे झाडं लावायची होती.

"झाडं लावली की फोटो चांगला येतो, बाई. गवताचा काय फोटो येणार?"

"झाडाला माती लागती, सरपंच. फोटोला लागत न्हाई. तिथं हातभर खाली नुस्ता खडक हाय."

पैसे थांबले असते, तर आम्ही तिघं घरी गेलो असतो आणि टकलावर खड्डे पडले असते. बाईंच्या भाषेत, पोरगी नांदायच्या आधीच लग्न मोडलं असतं.

म्हणून भेटीच्या आधी बाईंनी गावात बैठक घेतली. समोर बायकाच जास्त होत्या, त्यात कमलबाई पुढे. कमलबाई बचत गटाच्या अध्यक्ष, आणि त्यांनी हो म्हटलं की अख्खी बायकांची फळी हो म्हणायची. माळावरचं गवत कापून न्यायचा हक्क त्यांच्या गटाचा होता. अट एकच, बी गळून पडल्याशिवाय विळा लावायचा नाही. ही अट त्या बायका आमच्यापेक्षा कडक पाळायच्या. मागल्या वर्षी कमलबाईंनी स्वतःच्या जावेचा विळा काढून घेतला होता.

बाई म्हणाल्या, "पाहुणे मोठे हायेत. माळ स्वच्छ पायजे. मला तिथं कायबी दिसू नये." त्यांच्या डोळ्यांपुढे गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या होत्या.

"तुमी बिनघोर ऱ्हावा," कमलबाई म्हणाल्या. "मागल्या खेपेसारखं न्हाई होऊ द्यायचो आमी."

मागल्या खेपेला एक सरकारी अधिकारी आले होते. ते माळावर हौसेनं मांडी घालून बसले, आणि उठले ते उड्या मारतच. पँटभर कुसळं. गाडीत सीटवर न बसता, वाकून उभे राहून ते परत गेले होते. बाईंना तो प्रसंग विनोदी वाटायचा. गावाला तो लाजिरवाणा वाटत होता, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

भेटीच्या दिवशी आम्ही साहेबांच्या तासभर आधी पोचलो. जीप वळणावर आली आणि रफिकभाईंनी ब्रेक दाबला.

माळ नव्हता.

म्हणजे जमीन जागेवर होती. पण कमरेपर्यंत उभं असलेलं, वाऱ्यावर सोनेरी लाटा मारणारं ते सगळं गवत गायब होतं. जावळ काढलेल्या बाळाच्या डोक्यासारखा अख्खा उतार गुळगुळीत दिसत होता. वरून खराट्यानं झाडलेलाही होता, खराट्याच्या रेघा दिसत होत्या. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या दगडांना चुना. मधोमध सडा आणि त्यावर रांगोळीत 'सुस्वागतम्'. आणि हिरवं दिसावं म्हणून वाटेच्या कडेनं शेवग्याच्या फांद्या तोडून ओळीनं जमिनीत खोचलेल्या.

"या अल्ला," रफिकभाई हळूच म्हणाले. "पूरा हजामत कर दिये."

कमलबाई आणि सगळ्या बायका नव्या साड्या नेसून उभ्या होत्या. काल दिवसभर आणि आज पहाटेपासून सगळं गाव राबलं होतं. हाताला फोड आले होते. कमलबाई पुढे आल्या.

"कसं झालं, बाई?"

बाईंनी वाकून कापलेल्या गवताचा एक खुंट चिमटीत धरला. शेडा अजून पुरता पिकला नव्हता, बी अर्धं काडीवरच होतं. ज्या नियमासाठी त्या दोन वर्षं गावाशी भांडल्या, तो गावानं त्यांच्याच मानासाठी मोडला होता.

"बी पडायचं होतं ना अजून?" मीच कसंबसं विचारलं.

"ते म्हाईत हाय की," कमलबाई म्हणाल्या. "पर नियम आपल्यासाठी असतो. पाहुण्याला काय नियम? पाहुण्याच्या पायात कुसळ जाऊ द्यायचं व्हय?"

बाईंनी एकदा शेवग्याच्या फांद्यांकडे पाहिलं, एकदा बायकांच्या हातांकडे.

"लय झ्याक केलंत," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाच्यानंबी झालं नसतं."

मग त्या चुना लावलेल्या एका दगडावर बसल्या. पांढरा चुना साडीला लागला. बसल्या बसल्या सवयीनं त्यांचा हात मोज्याकडे गेला, पण मोज्याला काढायला काही नव्हतं. तो हात तसाच थांबला.

"कमल, कापलेलं गवत कुठाय गं?"

"हाय की. तिकडं मागं पेंढ्या बांधून गंजी लावली. कुठं टाकणार? सोनं हाय ते."

"झटकलं तर न्हाई?"

"न्हाई बा. बांधलं तसंच ठिवलं."

बाई उठल्या त्या थेट गंजीकडे चालत गेल्या. एक पेंढी उचलली, कानाजवळ नेऊन हलवली, जसं कुणी नारळ हलवून बघावा. आणि त्याच वेळी खाली रस्त्यावर साहेबांची गाडी दिसली.

साहेब पुण्याचे, पन्नाशीचे, पांढरे बूट आणि अंगात बिनबाह्यांचा लोकरीचा स्वेटर. बाईंनी सवयीनं आधी बूट पाहिले आणि तोंड वाकडं केलं. मग त्यांची नजर स्वेटरवर गेली, आणि तोंड सरळ झालं. साहेबांबरोबर एक मुलगी कॅमेरा घेऊन होती. ओवाळणं झालं, टिळा झाला. साहेब रांगोळी चुकवत, झाडलेल्या माळाच्या बरोबर मधोमध उभे राहिले, सगळीकडे बघून घेतलं आणि अगदी सौजन्यानं म्हणाले, "फार छान. बरं, आपला प्रकल्प कुठून सुरू होतो?"

त्यांच्या मागे सरपंच खोकले. मी माझ्या बुटांकडे बघू लागले.

"त्या तिथून," बाईंनी ओढ्यापलीकडचं टक्कल दाखवलं. "तुमच्याच हातानं सुरू करायचा म्हणून थांबलोय. कमल, साहेबांना चुंबळ दे."

कमलबाईंना काही कळलं नाही, पण चुंबळ द्यायची म्हटल्यावर त्यांनी हातातलं फडकं गुंडाळून ती केली, साहेबांच्या डोक्यावर ठेवली आणि वर पेंढी चढवली. पेंढी बाईंनी डोक्यावर घेतली, सगळ्या बायकांनी घेतली. मीही घेतली. कॅमेरावाली मुलगी फोटो काढत पुढे पळत होती. फोटोत आपण रिकाम्या हातानं दिसतोय, हे लक्षात येताच सरपंचांनी स्वतःहून दोन पेंढ्या उचलल्या. कुणीतरी हलगी आणली. ओढा ओलांडून ती वरात टकलावर पोचली.

"आता सोडा आन् झटका," बाई ओरडल्या. "सून गोधडी झटकती तसं! राग काढा!"

बायकांना हे सांगावं लागलं नाही. कोण कुणाचं नाव घेऊन झटकत होतं ते ऐकण्यासारखं होतं. "ही सासूची!" "ही तलाठ्याची!" काड्या उडत होत्या, बी उडत होतं, साहेब शिंकत होते. त्यांच्या स्वेटरवर कुसळी अशी काही बसली होती की बाई मधूनमधून त्यांना वळायला सांगायच्या, "इकडून बी झटका साहेब, इकडली जागा ऱ्हायली," आणि त्यांच्या पाठीवर थापट्या मारायच्या. सरपंच टकलाच्या अगदी माथ्यावर उभे राहून, कॅमेऱ्याकडे बघत, पेंढी झटकत होते.

"या पद्धतीला काही शास्त्रीय नाव आहे का?" साहेबांनी नाक पुसत विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सांग गं."

नाव खरंच होतं. बी असलेलं गवत कापून नापीक जागेवर पसरणे, ही पद्धत पुस्तकांत आहे, मी वाचली होती. मी ती सांगितली. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"बघा!" बाई म्हणाल्या. "नाव बी हाय त्याला. मला वाटलं आपणच शोध लावला."

जाताना साहेब गाडीत बसले आणि लगेच उठले. मग स्वेटर काढून त्यांनी तो बाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा इथेच राहू दे. पण जीव खुश झाला, हं."

परतताना जीपमध्ये बाई पुढे बसल्या होत्या, मांडीवर तो स्वेटर. त्यातलं एकही कुसळ त्यांनी काढलं नव्हतं. रफिकभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांना म्हणाले, "बाई, रोना है तो रो लेव. कोई नै इधर."

"गाडी चालव गप," बाई म्हणाल्या. आणि मग त्या हसायला लागल्या. "खराट्यानं झाडला रे! अख्खा माळ! खराट्यानं!" हसता हसता त्यांनी स्वेटरला डोळे पुसले, आणि कुसळ टोचलं म्हणून स्वेटरलाच एक शिवी घातली.

मी विचारलं, "कमलबाईंना सांगायचं का, की नुकसान झालं म्हणून?"

"काय सांगतीस? त्यांनी माझं अंगण झाडून दिलं. माझ्या लग्नाच्या वयात पाहुणे मला बघायला यायचे, तवाबी कुणी दिलं नव्हतं."

पुढच्या टप्प्याचे पैसे आले. गावाला वाटतं ते झाडलोटीमुळे आले, आणि ते तसं खोटंही नाही. मोठा माळ पुढच्या पावसाळ्यात मुळांतून परत उभा राहिला. मारवेल खरंच गरीब सून निघाली. टकलावर मात्र पहिल्या साली आलं ते वयात येणाऱ्या पोराच्या मिसरुडासारखं, इकडे चार काड्या, तिकडे चार. पण आलं. सरपंचांनी झाडांचं नाव काढलं नाही. पेंढी झटकताना त्यांचा फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर आला होता, आणि ते कॅलेंडर त्यांनी ग्रामपंचायतीत लावलं होतं. गवताचा काय फोटो येणार, हे ते आता विसरलेत.

एक गोष्ट तेवढी बिघडली. वाटेच्या कडेला खोचलेल्या फांद्यांपैकी सगळ्या वाळल्या, पण एक फांदी जगली. शेवगा कसाही जगतो. माळाच्या ऐन मध्यावर ते झाड वाढू लागलं. बाई येता-जाता त्याच्याकडे पाठ करायच्या. "काढून टाकू का?" रफिकभाईंनी एकदा विचारलं. "हात लावू नको, कमलनं लावलंय," त्या खेकसल्या. "मरंल आपोआप. पाणी घालायचं न्हाई कुणी." पहिल्या शेंगा आल्या तेव्हा कमलबाईंनी आमटी करून डबा पाठवला. बाई म्हणाल्या शेंगा कडू आहेत, आणि दोन वाट्या प्यायल्या.

गुडघे बोलायला लागल्यावर त्या पिंगळीला बहिणीकडे जायला निघाल्या. शेवटच्या दिवशी माळावर निरोप झाला. बायकांनी ओटी भरली, सरपंचांनी हातात रोप दिलं, आणि बाईंनी ते नेहमीसारखं उंदीर धरल्यासारखं धरलं. मग त्या म्हणाल्या, जरा टक्कल बघून येते, तुम्ही थांबा. टकलावर तेव्हा कमरेला लागेल एवढं गवत होतं. बराच वेळ झाला तरी त्या आल्या नाहीत म्हणून मी बघायला गेले.

त्या टकलावर नव्हत्या. शेवग्यापाशी होत्या. गुडघे दुखत असूनही वाकलेल्या. त्यांच्या बाटलीतलं पाणी त्या त्याच्या बुडाशी, हळूहळू, मातीत मुरेल अशा बेतानं ओतत होत्या.

पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मागे वळून पाहिलं. आधी माझ्या पायांकडे, मग माझ्याकडे.

"काय बघायलीस?" त्या म्हणाल्या. "बाटली खंगळायले."